चेहऱ्यावर थांबणाऱ्या ताई

"ही कोण?"

कीबोर्डवरचं लांब बटण दाबून ताई चित्र थांबवायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि पडद्याकडे बोट दाखवून एवढंच विचारायच्या. पडद्यावर त्या वेळी बहुतेक एखादी कंबर असायची. नाहीतर उघडी पाठ, नाहीतर घोट्यापासून वर वर जाणारा पाय.

"हिरॉईन आहे, ताई," प्रोमो विभागाचा प्रमुख निखिल म्हणायचा.

"ही हिरॉईनची कंबर आहे. हिरॉईन कोण आहे?"

निखिल हसायचा. आम्हीही हसायचो. ताई हसायच्या नाहीत. उत्तर येईपर्यंत चित्र पुढे सरकायचं नाही, आणि उत्तर कुणाकडेच नसल्यामुळे आमचं काम नेहमी उशिरा संपायचं.

ठाण्यात कोलशेतला, जिथे पूर्वी कारखाने होते आणि आता टॉवर उभे राहतायत, तिथल्या एका जुन्या शेडमध्ये आमचा स्टुडिओ होता. टीव्हीवरच्या मालिकांच्या जाहिराती, म्हणजे प्रोमो, आम्ही बनवायचो. तुम्हीही बघता ते. जेवताना मध्येच येतात, आता पुढे काय होणार असं धमकावून विचारतात आणि उत्तर न देता निघून जातात. ताई त्यांच्या संकलक. ढीगभर चित्रीकरणातून नेमके तुकडे उचलून त्या जोडायच्या. मी शेजारच्या काचेच्या खोलीत बसून त्याला आवाज द्यायचो. धाडकन, सुंईकन, छातीचे ठोके. सासूनं नुसती मान वळवली तरी वीज कडाडते ना, ती मी.

ताईंनी पन्नाशी ओलांडली होती. राहायला डोंबिवली पूर्वेला. मॅडम म्हटलेलं त्यांना आवडत नसे. "मॅडम म्हटलं की गृहपाठ राहिलाय असं वाटतं," म्हणायच्या. काळजी हा त्यांचा जोडधंदा होता. दर पाच-दहा मिनिटांनी साऱ्या खोलीला उद्देशून त्या ओरडायच्या, "सेव्ह केलंत का?" काम सेव्ह न करता कुणी पाणी प्यायला उठला तर त्या स्वतः जाऊन त्याचं सेव्ह करून यायच्या. एकदा ऑफिसातल्या एका मुलीनं आपलं लग्न ठरल्याचं सांगितलं. ताईंनी तिला जवळ घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "छान झालं गं. मुलाचा नंबर सेव्ह केलास ना?"

मी स्टेशनच्या वाटेवर, खोपटला राहतो. त्यामुळे संध्याकाळी स्कूटरवरून त्यांना स्टेशनला सोडणं माझ्याकडे आलं होतं. मागं बसून त्या एका हातानं माझा खांदा असा धरायच्या की घरी गेल्यावर बायको विचारायची, मारामारी केलीस का. शिवाय चालत्या गाडीवर बोलायचं नाही, माझं लक्ष जाईल. त्यामुळे आमच्या गप्पा सिग्नलला व्हायच्या. कापूरबावडीला सुरू झालेलं वाक्य माजिवड्याला पुरं व्हायचं.

अशाच एका संध्याकाळी मी विचारलं, "ताई, तुम्ही एवढ्या त्या चेहऱ्याच्या मागे का लागता?"

"माझं पहिलं काम एका साबणाच्या जाहिरातीचं होतं," त्या म्हणाल्या आणि सिग्नल सुटला. पुढच्या सिग्नलला मला वाटलं त्या विसरल्या असतील. पण नाही. "त्यात मी मुलीचा चेहरा ठेवला होता. दिग्दर्शक म्हणाला, काढा. चेहरा आला की लोक डोळ्यांत बघतात, आणि डोळ्यांत बघितलं की त्यांना मग खाली बघायची लाज वाटते. शांतपणे सांगितलं रे त्यानं, कांदा कसा चिरायचा ते सांगावं तसं."

मग ती अंतराळातली मालिका आली.

पृथ्वीवरचं पाणी आटत चाललंय, पाच माणसं यानातून पाणी शोधायला निघाली आहेत आणि यानाची प्रमुख एक तरुण इंजिनीयर बाई आहे, अशी गोष्ट. आमच्याकडे तोवर सगळ्या मालिका स्वयंपाकघरात घडायच्या. यान आलं तेव्हा आम्ही पोरांसारखे खूश झालो. मला तर किती दिवसांनी विजेऐवजी वेगळं काहीतरी वाजवायला मिळणार होतं.

यानाच्या प्रमुखाचं काम करणारी मुलगी स्नेहल. कल्याणची, नाटकातून आलेली. वडील एसटीत कंडक्टर, खोपट आगारातच. ती आवाज द्यायला आमच्याकडे यायची, कारण प्रोमोतली वाक्यं माझ्या खोलीत रेकॉर्ड व्हायची. ताईंची आणि तिची ओळख मजेशीर होती. स्नेहल ताईंना पहिल्यांदा भेटली त्याच्या आधी महिनाभर ताई तिला रोज पडद्यावर बघत होत्या. त्यामुळे पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "वाक्य विसरलीस की डावा अंगठा मुठीत घेतेस. नको घेऊस, दिसतं." स्नेहलनं चटकन अंगठा मुठीत घेतला आणि दोघीही हसत सुटल्या. त्या दिवसापासून ताईंच्या डब्यात तिच्या वाटणीची एक पोळी जास्त असायची.

पहिला प्रोमो ताईंनी मन लावून कापला. यानात बिघाड झालाय. स्नेहल काचेजवळ उभी आहे, अंगात तो जाडजूड नारिंगी सूट, हातात हेल्मेट. ती वळते आणि म्हणते, "हवा चौघांपुरती आहे. आणि आपण पाच आहोत." त्यानंतर ताईंनी काहीच कापलं नव्हतं. नुसता तिचा चेहरा. ती एकेकाकडे बघतेय. मी तिथे आवाज घालायला गेलो तर ताईंनी काचेवर टकटक करून हात हलवला. काही नको. मी सगळं काढून टाकलं. तो प्रोमो बघताना आमच्या खोलीत कुणी खुर्ची हलवली नाही.

चॅनेलकडून उत्तर आलं ते निखिलनं वाचून दाखवलं. इमोशनल आहे, पण ग्लॅमर कुठंय? साय-फाय आहे तर ते दिसू दे. टाइट सूट दाखवा, झिप दाखवा, स्लो मोशन वॉक दाखवा.

"तिनं सूट श्वास घ्यायला घातलाय," ताई म्हणाल्या.

"ताई, प्रोमोत कोण श्वास मोजतंय? लोक चॅनेल बदलत असतात यार. दोन सेकंदांत पकडायचं असतं."

"कुठे पकडायचं असतं?"

निखिल वाईट माणूस नव्हता. त्याचे कान लाल झाले. "माझ्या पण डोक्यावर माणसं आहेत, ताई," एवढंच तो म्हणाला.

पुढचे काही आठवडे ती एक लपाछपीच चालली होती. चॅनेल पाठीचा शॉट मागायचं, ताई पाठीचा शॉट द्यायच्या, पण त्यात स्नेहल वाकून यंत्र दुरुस्त करत असायची आणि हाताला काळं लागलेलं असायचं. चॅनेलनं सांगितलं, हेल्मेट काढा, केस मोकळे हवेत. ताईंनी विचारलं, यानाच्या बाहेर? त्यांनी कळवलं, प्रोमोत चालतं. हे सगळं सांगताना आम्ही हसायचो खरे, पण ताईंचं जेवण कमी होत चाललं होतं. स्कूटरवरचा त्यांचा हात आता घट्टच नाही तर गार लागायचा. चॅनेलचं माणूस आमच्या शेडमध्ये आलं की त्यांना धाप लागायची. रक्तदाबाची गोळी सुरू झाली ती याच दिवसांत.

आणि एक दिवस दुपारी काही नवे शॉट आले.

ताईंनी ते लावले. स्नेहल यानाच्या लांबलचक बोळातून चालत येतेय. पण सूट नारिंगी नव्हता. चंदेरी, पातळ, अंगावर ओतल्यासारखा. कॅमेरा जमिनीलगत. गळ्यापासून झिप हळूहळू खाली येते. ती ओठ किंचित उघडून हसते.

ताईंनी बटण दाबलं. चष्मा वर केला. मी काचेतून बघत होतो. मग त्यांनी परत सुरुवातीपासून लावलं, परत थांबवलं.

"हे शूट कधी झालं?"

"शूट नाही झालं," निखिल मोबाइलमध्ये बघत म्हणाला. "जनरेट केलंय. एआय. चॅनेलकडूनच आलंय. एकदम रिअल आहे ना?"

"चेहरा तिचा आहे."

"हो, मग? करारात आहे. पब्लिसिटीसाठी चेहरा, आवाज सगळं वापरता येतं."

"तिला माहितीये?"

"तिला काय विचारायचं त्यात?" निखिल म्हणाला. "उद्या ती येतेच आहे डबिंगला. वाक्य फक्त तिच्या आवाजात पाहिजे. 'माझ्यासोबत येणार?' एवढंच."

यानाची प्रमुख, चौघांपुरती हवा, आटलेलं पाणी. त्यातून एवढंच उरलं होतं. माझ्यासोबत येणार?

त्या संध्याकाळी कापूरबावडीच्या सिग्नलला ताई बोलल्या नाहीत. माजिवड्यालाही नाही. पूल ओलांडल्यावर मात्र माझा खांदा ओढून म्हणाल्या, "बाजूला घे." मी रस्त्याकडेला चहाच्या टपरीपाशी गाडी लावली. चहा घेतला.

"बाहेर कुणाला काही सांगायचं नाही असं आपण लिहून दिलंय ना?"

"हो."

"सांगितलं तर नोकरी जाईल?"

"जाईल, ताई."

"या वयात दुसरी मिळणार नाही."

मी मान डोलावली. खोटं काय सांगणार?

"मी घाबरट आहे रे," त्या म्हणाल्या. "रस्ता ओलांडताना परक्या माणसाची बाही धरते मी. हे माझ्याच्यानं होणार नाही." त्यांनी चहा तसाच ठेवला आणि स्कूटरवर येऊन बसल्या. स्टेशनला उतरून गेल्या. मला वाटलं, विषय संपला. खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी स्नेहल आली, माईकसमोर उभी राहिली, कागद हातात घेतला. मी रेकॉर्डिंग सुरू करणार तेवढ्यात दार उघडून ताई आत आल्या. हातात त्यांचा लॅपटॉप.

"आधी हे बघ. मग बोलायचं की नाही ते तू ठरव."

स्नेहलनं पाहिलं. मला वाटलं होतं ती चिडेल. ती चिडली नाही. तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला आणि तिनं दोन्ही हात आपल्या पोटाशी घट्ट धरले.

"हे मी कधी केलं?" तिनं विचारलं. आणि मग आणखी हळू, "ताई, मला आठवत नाही. मला कुणी काही दिलं होतं का? ती कपडे बदलायची व्हॅन... तिथे कॅमेरा होता का?"

आतापर्यंत मी अनेक भयपटांना आवाज दिलेत. त्या प्रश्नाला देता येईल असा आवाज माझ्याकडे नाही.

"नाही गं, नाही." ताईंनी तिचे दंड धरले. "तू काही केलेलं नाहीस. कुणी तुला पाहिलेलं नाही. हे अंग तुझं नाही. हे कुणाचंच नाही, मशीननं बनवलंय. ही चालते ती बघ, टाचा आपटत. तू चवड्यांवर चालतेस. मी रोज बघते तुला, मला माहितीये."

"अंग कुणाचंच नाही," स्नेहल म्हणाली, "पण तोंड माझं आहे ना?"

तिनं ते वाक्य बोलायला नकार दिला. निर्मात्याला फोन केला. त्यानं करार वाचून दाखवला. ताईंनी तो प्रोमो जोडायला नकार दिला. शेवटी निखिलनं स्वतः बसून जोडला, आवाज दुसऱ्या एका मुलीचा घेतला, आणि आठवड्याच्या आत तो सगळीकडे झळकला. त्याला कर्कश आवाजही दुसऱ्या कुणीतरी दिला. मी पोट बिघडल्याचं सांगून घरी होतो. तेवढीच माझी हिंमत.

स्नेहलच्या वडिलांनी तो पाहिला आगाराच्या विश्रांतीगृहात, दोन फेऱ्यांच्या मध्ये, बाकीच्या कंडक्टर-ड्रायव्हरांबरोबर बसून. कुणी काही बोललं नाही म्हणे. एकानं उठून टीव्ही बंद केला. ते जास्त लागलं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

हे सांगितलं तेव्हा ते आमच्या शेडच्या दारात उभे होते. खाकी गणवेश, काखेत तिकिटाच्या यंत्राची पिशवी. मुलीनं त्यांना सगळं समजावलं होतं. भांडायला आले असतील या भीतीनं निखिल मागच्या दारानं सटकला. ताईच पुढे झाल्या.

"ताई, स्नेहल म्हणाली तुमच्याकडं दुसरा बी आहे," ते म्हणाले. "खरा. तो बघायला मिळंल का?"

ताईंनी त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं आणि तो पहिला प्रोमो लावला, चॅनेलनं नाकारलेला. हवा चौघांपुरती आहे. आणि आपण पाच आहोत. मग बराच वेळ नुसता तिचा चेहरा. वडील खुर्चीत पुढे सरकले. पडदा काळा झाला. मला वाटलं रडतील. पण त्यांनी मान वळवून काळजीनं विचारलं, "मंग? पाचवं कोण ऱ्हातं मागं?"

ताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्या हसल्याही. "ते नाही सांगता येणार, भाऊ. मालिका बघावी लागेल."

"बघतो की," ते म्हणाले. "आता बघायलाच पायजे."

ते गेल्यावर ताईंचं ठरलं. स्नेहल कलाकारांच्या संघटनेकडे तक्रार करणार होती, आणि ते चित्रीकरण कधी झालंच नव्हतं हे छातीवर हात ठेवून सांगू शकणारं माणूस एकच होतं. सगळे तुकडे पाहिलेलं. ताई तिथे जाऊन बोलल्या. आदल्या दिवशी त्यांना ताप भरला होता, रस्त्यात दोनदा उलटी झाली, आत शिरल्यावर आवाज फुटेना म्हणून पाणी मागितलं. पण बोलल्या. स्नेहल सांगत होती, बोलताना त्या खुर्चीच्या हाताला इतक्या घट्ट धरून होत्या की नंतर बोटं सोडवावी लागली.

प्रोमो मागे घेतला गेला. तांत्रिक कारण असं कळवलं, माफीचा एक शब्द नाही. ताईंना नोकरीवरून काढलं. मालिका काही महिन्यांत बंद पडली, आणि बरेच दिवस स्नेहलला टीव्हीवर कुणी बोलावलं नाही. चित्रफीत मात्र कुठे जाते? ती फोनाफोनांतून फिरत राहिली. तुमच्याही फोनवर आली असेल कदाचित, खाली काहीबाही लिहिलेलं असेल. ताई डोंबिवलीच्या घरी दुपारभर तीच शोधत बसायच्या आणि दिसली की तक्रार नोंदवायच्या. एक निघाली की दुसरी यायची. त्यांचे यजमान मला फोनवर म्हणाले, "ती पूर्वी आम्हा सगळ्यांची काळजी करायची. आता एकाच पोरीची करते. आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं होतं." चेष्टेत म्हणाले, पण त्यांचा आवाज खाली आला होता.

नंतर त्यांनीच पुढाकार घेऊन डोंबिवलीची जागा भाड्याने दिली आणि दोघं दापोलीकडे त्यांच्या मूळ गावी राहायला गेली. तिथे फोनला रेंज येत नाही, हाच त्यांचा हिशोब असावा. मीही त्यामुळे ताईंशी बोलू शकलेलो नाही. पण त्या जाण्याआधीची एक संध्याकाळ सांगायला हवी.

स्नेहल पुन्हा नाटकात उभी राहणार होती. कल्याणला पहिला प्रयोग. ताईंनी माझं आणि स्वतःचं शेजारशेजारचं तिकीट काढलं होतं. मी जाऊन बसलो. पहिली घंटा झाली, दुसरी झाली, तिसरीनंतर पडदा वर गेला, शेजारची खुर्ची रिकामीच. फोन लावला तर बंद.

स्नेहल रंगमंचावर आली. साधी सुती साडी, डोक्यापासून पायापर्यंत सगळी समोर, जवळ जाऊन तुकडा पाडणारं कुणी नाही. ती तोंड उघडणार तेवढ्यात मागच्या रांगांतून शिट्टी आली आणि एकजण ओरडला, "ए, झिपवाली!" दोघं-तिघं खिदळले.

मध्यंतरात मी बाहेर धावलो. ताई आवारात, लावलेल्या स्कूटरींच्या पलीकडे कट्ट्यावर बसल्या होत्या. पर्स मांडीवर, तिकीट मुठीत चुरगळलेलं. मला बघून उठायला गेल्या आणि पुन्हा बसल्या.

"मला आत येववेना रे. कुणी काही बोललं का?"

"बोललं. एकजण ओरडला."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "मग? गेली ती आत?"

"नाही. थांबली. त्या बाजूला बघत उभी राहिली. इतका वेळ की लोकांनीच त्याला गप्प केलं. मग बोलायला लागली."

"आवाज कापत होता?"

"पहिल्या वाक्याला. नंतर नाही. नंतर लोक हसले, ताई. जिथे हसायचं तिथेच."

त्यांनी विचारलं, ती यानंतर कुठल्या प्रवेशात आहे, पुढे काय होतं. मी म्हटलं, मला कसं ठाऊक, मीही पहिल्यांदाच बघतोय. आतून घंटा वाजली. बाहेर चहा पीत उभी असलेली माणसं कप टाकून आत जाऊ लागली. ताईंनी पदराने तोंड पुसलं, चुरगळलेलं तिकीट गुडघ्यावर ठेवून तळहातानं सरळ केलं आणि उठल्या.

आत दिवे मालवले होते. मी हात पुढे केला, पण तो त्यांना दिसला नसावा. खुर्च्यांच्या पाठी चाचपत, लोकांच्या गुडघ्यांना अडखळत, "सॉरी हं, सॉरी" म्हणत ताई माझ्यापुढे त्या अंधारात शिरल्या, आणि पडदा वर जायला लागला.